प्रवेशपत्रानंतरची तयारी : विदर्भातील ग्रामीण महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व प्राचार्य, ग्रामीण भागातील महाविद्यालये,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आणि गोंडवाना विद्यापीठ यांच्याशी संलग्न.

विषय : परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांची तेथील रोजच्या राहणीची तयारी महाविद्यालयातच करून घेण्याबाबत.

सन्माननीय प्राचार्य महोदय आणि महोदया,
सप्रेम नमस्कार.

आपल्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याला जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातील विद्यापीठात प्रवेश मिळाला की आपण त्याचा सत्कार करतो, प्रवेशद्वाराशी फलक लावतो, स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्रासह बातमी देतो. ते सर्व योग्यच आहे, कारण ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचले, त्या घरातली मुलगी परदेशी निघते तेव्हा तो सगळ्या गावाचा आनंद असतो. परंतु सत्काराचा दिवस आणि विमानाचा दिवस यांच्यामध्ये जे काही आठवडे असतात, त्या काळात तिथे जाऊन राहायचे कसे, हे त्या विद्यार्थ्याला शिकवण्याची जबाबदारी आज कोणाकडेही नाही. ती आपण घ्यावी आणि आपल्याच महाविद्यालयात, मराठीतून, पालकांना सोबत घेऊन पार पाडावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिकवते. माझे पदव्युत्तर शिक्षण जर्मनीत झाले आणि परत आल्यापासून आमच्या भागातून बाहेर जाणारी मुले-मुली माझ्याशी बोलत असतात. कोणी निघण्यापूर्वी, कोणी तिकडे पोहोचल्यावर. त्यांच्या विचारण्यात अभ्यासाचे प्रश्न फार थोडे असतात. घरमालक नोंदणीसाठी लागणारा कागद देत नाही, भारतातल्या बँकेचा ओटीपी येत नाही, दाढ दुखते पण दवाखान्यात किती पैसे लागतील ते कळत नाही, फोडणी दिली आणि सगळ्या इमारतीचा भोंगा वाजला, शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नाही आणि भाडे उद्या द्यायचे आहे, असे ते प्रश्न असतात. हुशार मुलांचे पहिले दोन-तीन महिने यातच जातात, आणि अभ्यासावर पकड बसायची ती नेमकी त्याच महिन्यांत.

पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांना हे प्रश्न पडत नाहीत असे नाही; पण त्यांच्या नात्यात, शेजारात किंवा शाळेच्या जुन्या मित्रांत तिकडे राहून आलेले कोणीतरी असते, आणि एका फोनवर उत्तर मिळते. दिग्रस, पांढरकवडा, मेहकर, मूल किंवा अहेरीच्या विद्यार्थ्याला विचारायला कोणी नसते. तो जाहिरात पाहून नागपूरच्या एखाद्या सल्लागाराकडे जातो, आणि सल्लागाराचे काम प्रवेश व व्हिसा मिळाला की संपते. आमच्या बहुतेक मुलांनी घरभाड्याचा करार कधी वाचलेला नसतो, विम्याचा अर्ज भरलेला नसतो, स्वतःच्या नावावरचे एकही बिल हाताळलेले नसते, कारण तशी वेळच आलेली नसते. याची दुसरी बाजूही मला ठामपणे सांगायची आहे. कापूस वेचलेली, रात्री ओलिताला गेलेली, वीज नसताना अभ्यास केलेली ही मुले अडचणीने डगमगत नाहीत, आणि थोडक्या पैशांत नेटके राहणे त्यांना चांगले जमते. त्यांच्याजवळ नसते ती माहिती, आणि ती वेळेवर मिळाली तर ती कोणाच्याही मागे राहत नाहीत.

या वाटेने आपल्याकडचे लोक शंभर वर्षांपासून जात आहेत. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात जन्मलेले भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परत आले आणि त्यांनी वऱ्हाडात शिक्षणाचे जाळे उभे केले. आपल्यापैकी अनेक महाविद्यालये त्याच जाळ्यातील आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि पुढे लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन तिथे स्मारक केले आहे. त्या काळात बाबासाहेबांनी किती अपुऱ्या जेवणावर अभ्यास केला हे आपण विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगतो. तो काळ वेगळा होता. आज तिथल्या जगण्याची बारीकसारीक माहिती मिळवता येते, आणि तरीही आमची मुले ती एकेकटी, चुकत आणि सोसत मिळवत असतील, तर त्यात अभिमानाचे काही नाही.

आता तयारी म्हणजे नेमके काय, हे सविस्तर लिहिते, कारण मोघम बोलून हे काम होणार नाही.

सर्वांत आधी घर. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते; विद्यार्थी तिला ‘आनमेल्डुंग’ या तिथल्याच नावाने ओळखतात. या नोंदणीसाठी घरमालकाने सही केलेला, हा विद्यार्थी माझ्याकडे राहतो असे सांगणारा कागद लागतो. नोंदणी झाली की कर-क्रमांक टपालाने घरी येतो, बँकेचे काम सोपे होते, पुढे राहण्याचा परवाना वाढवून घेता येतो. ती अडली की पुढचे सगळे अडते. म्हणून कमी भाड्याच्या मोहाने, ‘नोंदणी मिळणार नाही’ असे आधीच सांगणाऱ्या मालकाची खोली घेणे हे सर्वांत महाग पडते. टपालपेटीवर स्वतःचे आडनाव लावले नाही तर पोस्टमन पत्र टाकत नाही आणि बँकेचे, विम्याचे, शासनाचे कागद परत जातात, ही साधी गोष्टही आधी सांगितली पाहिजे. आमच्या गावात पोस्टमन प्रत्येक घर ओळखतो. तिथे तो फक्त पेटीवरचे नाव ओळखतो.

अनामत रकमेचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. जर्मनीत मालक मूळ भाड्याच्या तीन महिन्यांइतकी रक्कम अनामत म्हणून मागू शकतो. मूळ भाडे आणि गरम पाणी, घर तापवणे वगैरे धरून होणारे भाडे हे तिथे दोन वेगळे आकडे असतात, आणि जाहिरातीतला आकडा कोणता हे विचारल्याशिवाय हिशेब करता येत नाही. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती मालकाने किंवा दलालाने तीस दिवसांच्या आत शासनमान्य योजनेत ठेवून भाडेकरूला तसे लेखी कळवावे लागते. हे ज्याला माहीत आहे तो विद्यार्थी तो कागद मागतो. ज्याला माहीत नाही त्याची रक्कम घर सोडताना अडकण्याचा धोका असतो. तिथले पुष्कळ मालक ब्रिटनमध्येच राहणारा जामीनदार मागतात, आणि तिथे आपल्या वडिलांचा सातबारा कितीही एकरांचा असला तरी चालत नाही. त्यामुळे प्रवेश निश्चित झाला त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी अर्ज करणे, हा माझा प्रत्येकाला पहिला सल्ला असतो. न पाहिलेल्या खोलीसाठी, कोणी कितीही गोड बोलले तरी, इथून पैसे पाठवू नयेत, हा दुसरा. छायाचित्रे दाखवून अनामत उकळायची आणि मग फोन बंद करायचा, हा प्रकार परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत सर्रास होतो, आणि आमच्या मुलांचे पैसे बहुधा कर्जाचे किंवा विकलेल्या वावराचे असतात.

दुसरी बाब पहिल्या महिन्याच्या पैशांची. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला ११,९०४ युरो एका विशेष खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि त्यातून त्याला दरमहा ९९२ युरो मिळतात. घरचे लोक समजतात की मुलाजवळ बारा लाखांच्या आसपास रक्कम आहे. पण ती त्याच्या हातात एकदम येत नाही. ती येण्यासाठी तिथे त्याच्या नावाचे चालू खाते लागते, त्याला काही दिवस जातात, आणि दरम्यान अनामत, पहिले भाडे, विद्यापीठाचे सत्राचे शुल्क, गादी, भांडी, सिमकार्ड, प्रवास हे सगळे दारात उभे असते. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनीही असे गृहीत धरावे की पहिला निर्वाहभत्ता पोहोचायला वेळ लागू शकतो, आणि तेवढ्या काळाची तरतूद वेगळी करावी. इथे महाविद्यालये फार मोठे काम करू शकतात. माजी विद्यार्थी संघटना, स्थानिक पतसंस्था आणि गावातील दानशूर व्यापारी यांच्याकडून एक छोटा फिरता निधी उभा करावा. निघताना त्यातून एका महिन्याच्या खर्चाइतकी बिनव्याजी उचल द्यावी आणि भत्ता सुरू झाल्यावर ती परत घ्यावी. जिनिंगच्या गावांत हंगामाच्या उचलीचा व्यवहार लोकांना नवा नाही. विश्वासाने दिलेली अशी रक्कम आपली मुले बुडवणार नाहीत, याची मला खात्री आहे.

याच संदर्भात मोबाईलचे सांगायला हवे. भारतातील बँकेचे सगळे व्यवहार ओटीपीवर चालतात आणि तो भारतातल्या क्रमांकावर येतो. निघण्यापूर्वी त्या सिमवर परदेशात संदेश येण्याची सोय चालू करून घ्यावी, कमीत कमी रिचार्ज घरच्यांनी न विसरता करत राहावे, आणि बँकेत जाऊन आपण शिक्षणासाठी बाहेर जात आहोत हे कळवून खात्याचा प्रकार बदलून घ्यावा. हे काम तालुक्याच्या शाखेत एका फेरीत होत नाही, म्हणून ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

तिसरी बाब थेट आपल्या, म्हणजे महाविद्यालयांच्या, अखत्यारीतली आहे. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे नाव आणि बरेचदा शेवटी आईचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असते. आधार कार्डावर तिसराच क्रम असतो, आणि एखाद्या अक्षराचा फरक तर जवळजवळ प्रत्येकाचा असतो. तिकडची कार्यालये ओळीतला शेवटचा शब्द आडनाव समजतात. मग आईच्या नावाने नोंद झालेली मुलगी विमा कार्यालयात एक व्यक्ती आणि बँकेत दुसरी व्यक्ती ठरते. यावर उपाय म्हणजे प्रवेशाचा विचार सुरू होताच सगळी कागदपत्रे समोर ठेवून नावे जुळवणे, राजपत्रातील बदल किंवा प्रतिज्ञापत्र लागत असेल तर ते वेळेत करणे, आणि ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे इंग्रजीतील प्रमाणपत्र महाविद्यालयाने आपल्या सहीशिक्क्यानिशी देणे. त्याच वेळी जन्मदाखल्यासह आवश्यक कागदांचे प्रमाणीकरण मंत्रालय आणि परराष्ट्र खात्याच्या पातळीवर करून घ्यावे. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला एका शिक्क्यासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागणे म्हणजे काय, ते आपण जाणताच.

आता आरोग्य. आमच्या गावात ताप आला की मेडिकलमध्ये जाऊन गोळी मागायची पद्धत आहे. युरोपात प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि डॉक्टरची वेळ आधी घ्यावी लागते. जर्मनीत आरोग्य विम्याचा पुरावा दाखवल्याशिवाय विद्यापीठात नावच दाखल होत नाही, आणि सार्वजनिक विम्याचा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त दर तिशीपर्यंतच मिळतो. नोकरी करून उशिरा शिकायला जाणाऱ्यांनी ही गोष्ट खर्चात धरावी. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, आणि त्या बदल्यात तिथली सार्वजनिक आरोग्यसेवा मिळते. पण त्यासाठी पहिल्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचे असते, आजारी पडल्यावर नव्हे. तातडीच्या संकटासाठी तिथे ९९९ आणि तातडीचे नसलेल्या दुखण्यासाठी १११ हा क्रमांक आहे. युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्य. अमेरिकेत विमा असला तरी कोणता दवाखाना त्या विम्यात बसतो हे पाहूनच जावे लागते, आणि साध्या दुखण्यासाठी मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात गेल्यास येणारे बिल आपल्या कल्पनेपलीकडचे असते. दातांची कामे जवळपास सगळीकडेच महाग आहेत. निघण्यापूर्वी दात दाखवणे, चष्म्याच्या दोन जोड्या करणे आणि रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घेणे, एवढे प्रत्येकाने करावे.

विदर्भापुरती एक बाब मी आवर्जून मांडते, कारण परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत ती माझ्या पाहण्यात आलेली नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. वाहक असणाऱ्यांना सहसा त्रास होत नाही. परंतु ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांना कडक थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे यांमुळे वेदनांचा तीव्र झटका येऊ शकतो, आणि पहिल्या हिवाळ्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, कारण थंडीत तहान लागत नाही आणि पाणी पिणे राहून जाते. प्रत्येक विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करून अहवाल इंग्रजीत सोबत ठेवावा. आजार असेल तर चालू औषधांची माहिती देणारे डॉक्टरांचे पत्र घ्यावे, आणि तिथे पोहोचताच त्या दवाखान्याच्या नोंदीत ते घालून घ्यावे. आपली राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयो) पथके गावोगावी शिबिरे घेतात. त्यांतून ही तपासणी सहज होऊ शकते.

थंडीबद्दल थोडेसे. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा अंगावर घेतलेल्या मुलांना डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारला अंधार पडणारा देश कसा वाटतो, हे सांगून समजत नाही. पण आधी सांगितलेले असले तर त्या उदासीला ती स्वतःचा कमकुवतपणा समजत नाहीत. नागपुरात जाड कोट घेण्याची घाई करू नये, तो तिथेच घ्यावा. इथून आतून घालायचे गरम कपडे न्यावेत. आणि बाहेर कितीही गार असले तरी दिवसातून एक-दोनदा खिडकी पूर्ण उघडून खोलीत हवा खेळवावी, नाही तर भिंतींना बुरशी धरते आणि तिचा खर्च अनामतीतून कापला जाऊ शकतो.

स्वयंपाकात आमची मुले मागे नाहीत, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. पिठले-भाकरी आणि वरण-भात येणाऱ्या विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च बाहेर खाणाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी होतो. फक्त अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर चालत नाही, तळाला स्टील असलेला न्यावा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असल्याने इथला मिक्सर तिथे निरुपयोगी ठरतो. आणि धुराचा भोंगा असलेल्या घरात लाल मिरचीची फोडणी खिडकी उघडून व पंखा लावूनच द्यावी. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, त्यामुळे आजीने दिलेले तूप आणि पेढे विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. ऑस्ट्रेलियात तर सोबतचे खाद्यपदार्थ उतरताना जाहीर करावे लागतात आणि लपवल्यास जबर दंड होतो. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच किराणा भरावा. तिथे प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्या दुकानातल्या यंत्रात परत केल्या की प्रत्येकी २५ सेंट मिळतात, आणि विद्यार्थ्याला तेवढेही मोलाचे असतात.

कामाच्या तासांबद्दल मात्र अत्यंत स्पष्टपणे बोलावे लागेल. ब्रिटनमध्ये पदवी व त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. अमेरिकेत सत्रात २० तास आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच. कॅनडात आवाराबाहेर २४ तास. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. हे आकडे बदलत राहतात, म्हणून निघताना त्या त्या देशाच्या शासकीय संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत. मर्यादेपलीकडे रोखीने काम देणारे लोक सगळीकडे भेटतात. त्यांच्याकडे काम केले तर मजुरी बुडाल्यावर दाद मागणे कठीण होते आणि पकडले गेल्यास व्हिसा जातो, म्हणजे शिक्षण, कर्ज आणि घरची आशा तिन्ही एकदम जातात. मुले हे जाणतात, तरी काही जण त्या कामाकडे वळतात, आणि त्याचे कारण मला अनेकदा घरातून होणाऱ्या विचारणेत दिसले आहे.

म्हणूनच पालकांचा वेगळा वर्ग घ्यावा, असा माझा आग्रह आहे, आणि या पत्रातील ही मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलगा विदेशात गेला म्हणजे तिसऱ्या महिन्यापासून पैसे पाठवील, अशी समजूत गावात असते. शेजारी विचारतात, नातेवाईक उसने मागतात, आणि आईवडिलांच्या तोंडून नकळत तो प्रश्न मुलापर्यंत पोहोचतो. शिकण्याच्या काळात मुलाने स्वतःचा खर्च भागवला तरी पुष्कळ झाले, कर्जाचा हप्ता सहसा अभ्यासक्रमानंतर काही महिन्यांनी सुरू होतो, आणि सोयाबीनला भाव मिळाला नाही म्हणून मुलाने रात्रपाळीची संख्या वाढवू नये, हे पालकांना प्राचार्यांनी सांगितले तर ते ऐकतील; आपल्या शब्दाला गावात तेवढे वजन आहे. फोनची वेळ ठरवून घ्यावी, कारण जर्मनी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास असते. आपण रात्री जेवून फोन करतो तेव्हा तिथे वर्ग किंवा काम चालू असते. घरातील आजारपण मुलापासून लपवू नये. दुसऱ्या कोणाकडून उशिरा कळले तर परक्या देशात त्याचा आघात दुप्पट होतो. आणि मुलीने फोनवर ‘मला इथे जमत नाही’ असे म्हटले तर ‘एवढा पैसा लावला’ हे उत्तर देऊ नये. बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी कार्यालय असते, समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही, हे मुलांइतकेच आईवडिलांनाही कळायला हवे. प्रत्येक विद्यार्थ्याने परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ संकेतस्थळावर स्वतःची नोंद करावी आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा संपर्क घरच्यांकडेही लिहून ठेवावा.

हे सारे करण्यासाठी नवा विभाग, नवे पद किंवा मोठा खर्च लागणार नाही. प्रत्येक महाविद्यालयाने एका प्राध्यापकाला या कामासाठी नेमावे. परदेशी निघणारे विद्यार्थी बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जातात, म्हणून त्यांचे वर्ग जून-जुलैच्या शनिवारी घ्यावेत. पालकांचा वर्ग मात्र पेरणी आटोपल्यावर आणि पोळ्याच्या आधी ठेवावा; पेरणीच्या दिवसांत कोणीही येऊ शकणार नाही आणि पोळ्यानंतर काहींची मुले निघूनही गेलेली असतील. गेलेल्या विद्यार्थ्यांना दूरदृश्य प्रणालीवरून बोलते करावे. ते आनंदाने बोलतील, कारण त्यांना कोणी विचारतच नाही, ही त्यांची माझ्याकडे असलेली तक्रार आहे. विद्यार्थ्यांना आणि पालकांना वाचता येईल अशी मराठी पुस्तिका तयार करावी आणि ती दरवर्षी मे महिन्यात तपासून सुधारावी, कारण जुन्या आकड्यांची पुस्तिका नसलेल्या पुस्तिकेपेक्षा अधिक घातक ठरते. यवतमाळातून उभ्या राहिलेल्या एकलव्य इंडिया फाउंडेशनने पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना परदेशी शिष्यवृत्त्यांपर्यंत नेण्याचे काम करून दाखवले आहे. तशा संस्थांचे आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्तीवर जाऊन आलेल्यांचे सहकार्य घ्यावे.

अनेक महाविद्यालयांत वर्षाला एखादाच विद्यार्थी बाहेर जातो, आणि एकासाठी वर्ग कसा घ्यावा, असा प्रश्न आपल्याला पडेल. शेजारच्या दोन-तीन तालुक्यांनी मिळून एका ठिकाणी वर्ग घ्यावा, आणि त्याला पुढच्या वर्षी जाऊ इच्छिणाऱ्यांनाही बसू द्यावे. मी आणि माझ्यासारखे परत आलेले काही जण यवतमाळ, वाशीम आणि वर्धा जिल्ह्यांत कुठेही येऊन शिकवायला तयार आहोत. मानधन नको, एसटीच्या वेळा जुळतील अशी वर्गाची वेळ असावी, एवढेच. पुस्तिकेचा पहिला मसुदा आम्ही लिहून देऊ. आपल्या महाविद्यालयातून यंदा कोण निघाले आहे, कोणत्या देशात आणि कोणत्या महिन्यात, एवढी माहिती मेअखेरीपर्यंत आपल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाकडे कळवली, तर जूनच्या दुसऱ्या शनिवारी पहिला वर्ग घेता येईल.

आपली नम्र,
एक अध्यापिका
यवतमाळ जिल्हा